एक कृती सांगितलेली, एक राखलेली

डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव मराठी माणसाला दोन-तीन वाटांनी ठाऊक असते. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून असलेले वस्तुसंग्रहालय, माटुंग्यातला रस्ता, आणि कुठेतरी वाचलेली एखादी ओळ की, त्यांनी कुष्ठरोगावर औषध शोधले होते. संस्कृतच्या अभ्यासकांना कालिदासाच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध माहीत असतो. छायाचित्रणाच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्यांना मात्र भाऊ भेटतात ते वेगळ्याच दारातून. ३ ऑक्टोबर १८५४ रोजी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. कॅप्टन हॅरी बार तिचे अध्यक्ष झाले आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत गोऱ्या लष्करी व मुलकी अंमलदारांच्या शेजारी डॉ. भाऊ दाजी हे नाव आले. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. लंडनची अशीच सोसायटी १८५३ची, म्हणजे आपल्याहून पावणेदोन वर्षांनीच थोरली.

मी राहतो कोपरखैरण्याला आणि नोकरीचा बहुतेक काळ गेला महापे एमआयडीसीत. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी कारखान्यांच्या ओळी आणि त्यांच्या मागे जुन्या गावाचे उरलेसुरले कोपरे, असा हा मुलूख. कलादालन वगैरे इथे नाही. तरीही आम्ही काही जण गेली बरीच वर्षे १९ ऑगस्टच्या आसपास छायाचित्रांचे एक लहानसे प्रदर्शन भरवतो. कधी एखाद्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये. सुतळी ताणायची, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो अडकवायचे, बाहेरून एक परीक्षक बोलवायचा आणि तीन बक्षिसे द्यायची. भाग घेणाऱ्यांत फिटर असतात, बँकेतल्या बाई असतात, कॉलेजची पोरे असतात. खाडीवरचे रोहित पक्षी आणि दगडखाणीतले कामगार हे दोन विषय दरवर्षी हटकून येतात.

या प्रदर्शनात काही वर्षांपूर्वी एक वाद झाला. पहिले बक्षीस मिळालेला फोटो कसा काढला, हे सांगायला तो काढणाऱ्याने साफ नकार दिला. मेहनत माझी, युक्ती माझी, मी का सांगू, असा त्याचा सवाल होता. निम्मी मंडळी त्याच्या बाजूने होती. अखेर पुढच्या वर्षापासून एक नियम आला. प्रत्येकाने आपल्या फोटोखाली तो कसा, कुठे आणि कशाने काढला, हे दोन ओळींत लिहायचे. नाही लिहिले तर फोटो टांगू, पण बक्षिसाला धरणार नाही. नियम काहींना जाचक वाटला, दोघेजण यायचेच बंद झाले. हा वाद डोक्यात असतानाच मी भाऊ दाजींच्या चरित्राकडे वळलो, आणि मग त्यातून लवकर बाहेर येता आले नाही. कारण हाच सवाल त्यांच्या आयुष्यातही आहे, आणि तिथे तो बक्षिसापुरता नाही, माणसांच्या जिवाशी निगडित आहे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ च्या सुमाराचा, गोव्यात पेडण्याकडील मांद्रे गावचा. वडिलांना दाजी म्हणत, म्हणून हे भाऊ दाजी. घरची गरिबी. कुटुंब मुंबईला आले, आणि मुलगा बुद्धिबळात इतका तरबेज निघाला की, त्याचा खेळ गव्हर्नर लॉर्ड क्लेअरच्या नजरेत भरला आणि त्याने वडिलांना याला इंग्रजी शिकवा असे सुचवले, असे चरित्रकार सांगतात. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. तिथेच काही काळ शिक्षकाची नोकरी. काठेवाड-कच्छमधील बालहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस. आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले तेव्हा पगाराची नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी होण्याचा निर्णय. मला या चरित्रातली ही सर्वांत धाडसाची उडी वाटते. मेलेल्या माणसाचे शरीर कापून शिकायचे, आणि तेही त्या काळच्या ब्राह्मणी समाजात राहून! १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली ती आठ जणांची. त्यात भाऊ होते आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंगही होते.

त्यानंतरची तीन वर्षे पाहिली तर या माणसाला झोप कधी मिळत असेल असा प्रश्न पडतो. स्वतःचा दवाखाना, त्यात गरिबांना मोफत औषध. १८५२ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बे असोसिएशन निघाली, तिचे चिटणीसपद. मुलींच्या शाळांसाठी खटपट. विद्यार्थ्यांच्या साहित्य-विज्ञान सभेत पुढाकार. आणि १८५४ मध्ये ही फोटोग्राफिक सोसायटी. आजच्या वाचकाला हे जरा विस्कळीत वाटेल. डॉक्टरने दवाखाना सांभाळावा, कॅमेऱ्याच्या मंडळात कशाला जावे? पण त्या पिढीचे गणित निराळे होते. सभा, संस्था, वाचनालय, संग्रहालय, प्रदर्शन ही त्यांना एकाच कामाची अंगे वाटत. एकट्याने घरात बसून मिळवलेले ज्ञान चार लोकांपुढे ठेवायचे, त्यांनी ते तपासायचे, आणि मग ते सगळ्यांचे व्हायचे. इंग्रजांकडून आपण रेल्वे घेतली, तारायंत्र घेतले, तसा हा सभेचा रिवाजही घेतला, आणि माझ्या मते आगगाडीपेक्षा तो अधिक लांब गेला.

छायाचित्रणाच्या धंद्यात तर या उघडेपणाला फार मोल होते. ते का, हे समजायला त्या वेळी फोटो कसा निघे ते थोडे पाहिले पाहिजे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची रीत जाहीर केली. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा. तो चारही कोपऱ्यांपर्यंत एकसारखा पसरवायला हाताला चांगलाच सराव लागतो. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या भांड्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी परत अंधारात आणून धुवायची. हा सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत उरकला नाही तर काच वाया. कलोडियनमध्ये इथर असते. लंडनच्या थंडीत ते बेताबेताने उडते, मुंबईच्या मे महिन्यात ते काचेवर पडताच उडू लागते. काळ्या कापडाच्या तंबूत घामाघूम झालेला माणूस, चांदीच्या क्षाराने काळी पडलेली बोटे, आणि बाहेर ऐटीत बसून कंटाळलेले गिऱ्हाईक, हे त्या काळचे चित्र. छाप घ्यायचा तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेल्या कागदावर, उन्हात ठेवून. एकादशीला हे काम करणाऱ्या ब्राह्मणाच्या घरात काय बोलणी बसत असतील, कल्पना केलेली बरी!

यात विलायती पुस्तकातील मापे इथे चालत नसत. इथर किती कमी करायचे, काच थंड कशी ठेवायची, पावसाळ्यात रसायने कशी टिकवायची, हे ज्याचे त्याने काचा फोडून शिकायचे. सोसायटी हवी होती ती यासाठी. सभासदांनी आपली चित्रे आणायची, मांडायची, आणि ती कशी निघाली ते सांगायचे. सोसायटीने स्वतःचे नियतकालिक काढले. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन या मुंबईतल्या व्यावसायिकांनी हौशी छायाचित्रकारांसाठी दरमहा एक संग्रह काढला. त्यात छापाचे चित्र नसे, खरे फोटो चिकटवलेले असत. आमच्या सुतळीवरच्या प्रदर्शनाचे हे खापरपणजोबा.

याच सुमारास सरकारने एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग काढला. सोसायटीतल्या क्रॉफर्डकडे तो होता. त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले आणि मुंबईत स्वतःचा स्टुडिओ घालणाऱ्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक ठरले. त्यांचे पुढचे आयुष्य एखाद्या कादंबरीला पुरेल. आर्य समाजाचे मुंबईतले अध्यक्षपद, १८७९ मध्ये अमेरिकेहून आलेल्या थिऑसॉफिस्टांचे स्वागत आणि लगेच त्यांच्याशी पैशांवरून झालेले भांडण! पण तो विषय वेगळा.

भाऊंच्या घरात कॅमेऱ्यावर खरा हात बसला तो धाकट्या भावाचा. डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकलचेच, थोरल्यानंतर वर्षभराने पास झालेले. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर ते अनेक वर्षे होते. १८५७ मध्ये कलकत्त्याला बंगालच्या फोटोग्राफिक सोसायटीने प्रदर्शन भरवले, त्यात नारायण दाजींची तीस छायाचित्रे लागली. मुंबईतला एक मराठी डॉक्टर ओल्या काचांवर फोटो काढतो आणि ते देशाच्या दुसऱ्या टोकाला राजधानीत भिंतीवर लागतात, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही याचे मला नवल वाटते.

त्या कलकत्त्याच्या सोसायटीत त्याच वर्षी दुसरी एक घटना घडली. राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान. सोसायटीचे सभासद, तिचे खजिनदारही. त्यांनी एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर सडकून टीका केली. तिचा कॅमेऱ्याशी, काचेशी किंवा चांदीशी काहीएक संबंध नव्हता. तरी गोरे सभासद खवळले आणि मित्रांना सोसायटीबाहेर जावे लागले. म्हणजे एका भिंतीवर हिंदी माणसाचे फोटो टांगायचे, आणि त्याच घरात हिंदी माणसाने तोंड उघडले की त्याला दार दाखवायचे. मुंबईत असे काही घडले नाही. बॉम्बे असोसिएशनच्या चिटणीसाने कंपनी सरकारच्या कारभाराविरुद्ध पार्लमेंटकडे गाऱ्हाणी पाठवली, तरी फोटोग्राफिक सोसायटीतली त्याची खुर्ची हलली नाही. याचे श्रेय मुंबईच्या गोऱ्यांच्या सभ्यतेला द्यावे असे मी म्हणणार नाही. मुंबईत निळीचे मळे नव्हते, आणि पैसा पारशी, गुजराती, मराठी शेटजींकडे होता. त्यांना दुखवून इथे संस्था चालल्या नसत्या. भाऊंना हे पक्के ठाऊक असावे. गव्हर्नरांशी हस्तांदोलन आणि पार्लमेंटला अर्ज, दोन्ही ते एकाच वेळी करू शकले ते या जमिनीवर उभे राहून.

प्रदर्शनाचा हा ध्यास पुढे संग्रहालयात गेला. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबईहून इकडच्या कारागिरीचे आणि मालाचे नमुने जमवले गेले. त्यातूनच मुंबईत कायमचा संग्रह हवा ही कल्पना रुजली आणि किल्ल्यातल्या टाउन बॅरॅक्समध्ये तो मांडला गेला. १८५७ च्या धामधुमीत सैन्याला जागा हवी झाली, वस्तू घाईघाईने हलवल्या गेल्या आणि त्यांची पुष्कळ नासधूस झाली. मग जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी वर्गणीची मोहीम उघडली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी पायाचा दगड बसला. त्याच वर्षांत अमेरिकेतल्या यादवीने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता, शेअरबाजार उधाणला होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले आणि मुंबईचा फुगा फुटला. वर्गणी आटली. शेवटी सरकारी पैशाने इमारत पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम हे तिचे नाव बदलून १ नोव्हेंबर १९७५ रोजी तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. आत शिरल्यावर वरच्या सोनेरी नक्षीकडे मान वर करून बघणाऱ्या शाळेतल्या मुलांच्या रांगा दिसतात. खापर, लाकूड, हस्तिदंत, कापड, जे जे काही कारागीर करतो ते सगळे काचेच्या कपाटात. कसे करतात ते पाहा, असेच जणू ते संग्रहालय सांगत असते.

भाऊंच्या शिलालेखांच्या कामातही हीच नजर दिसते. जुन्या लेखांच्या हाताने केलेल्या नकला चुकीच्या असत आणि त्यांवरून विद्वान मोठमोठे सिद्धांत मांडत. भाऊंचा आग्रह असा की, मूळ दगडापाशी जा आणि अक्षर अन् अक्षर उतरवून आणा. १८६१ मध्ये जुनागढचा भगवानलाल इंद्रजी हा विशीतला तरुण त्यांनी मुंबईला बोलावून घेतला आणि त्याला गावोगाव, डोंगरोडोंगर पाठवले. अजिंठ्याचे लेख, जुनागढचा रुद्रदामनाचा लेख, अशा कामांतून एशियाटिक सोसायटीच्या अंकांत भाऊंचे निबंध येत राहिले. कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. पण मूळ पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त टिकली, आणि भगवानलाल पुढे स्वतःच्या बळावर नावारूपाला आले.

१८६२ सालचा महाराज लायबल खटला तर प्रसिद्धच आहे. वल्लभ संप्रदायाच्या एका महाराजाच्या वर्तनावर करसनदास मुळजींनी आपल्या पत्रातून टीका केली, महाराजाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. शहरातले भले भले साक्षीला यायला कचरत होते. भाऊ दाजी न्यायालयात उभे राहिले आणि महाराजांना कोणता आजार होता ते डॉक्टर म्हणून त्यांनी सांगितले. रोग्याची गोष्ट चव्हाट्यावर आणावी का, हा वैद्यकीय नीतीचा प्रश्न आज कोणी काढील, आणि तो रास्त आहे. पण त्या दिवशी गप्प बसणे अधिक सोयीचे होते, हेही तितकेच खरे.

आता जी गोष्ट मला या माणसात अडते ती. काचेवर फोटो कसा काढायचा हे एकमेकांना सांगणाऱ्या मंडळात बसणारा, दगडावरचे अक्षर जसेच्या तसे जगापुढे ठेवा म्हणणारा, न्यायालयात सत्य सांगणारा हा डॉक्टर आपल्या सर्वांत मोठ्या शोधाबद्दल मात्र मूग गिळून बसला. कुष्ठरोगावर त्यांनी जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांचा माग काढत एक औषध सिद्ध केले होते. रोगी दुरून येत. काहींना गुण येतो असा बोलबाला होता. औषध कशाचे आहे हे मात्र भाऊ सांगेनात. डॉक्टर मंडळींनी याबद्दल त्यांना दूषणे दिली. गुप्त औषध विकणे हे वैदूंचे काम, ग्रँट मेडिकलच्या पदवीधराचे नव्हे, असा एकूण सूर. त्याच कॉलेजात हेन्री व्हँडाइक कार्टर यांनीही शिकवले होते. ग्रेच्या शरीरशास्त्राच्या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच. तेही कुष्ठरोगाचाच अभ्यास करीत होते. दोघांनी आपले कागद एका टेबलावर ठेवले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

भाऊंच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कुष्ठरोगाचा गुण वर्षानुवर्षे पाहिल्याखेरीज कळत नाही. आज बरा दिसलेला रोगी तीन वर्षांनी पुन्हा आजारी पडतो. अर्धवट औषध बाहेर पडले असते तर शहरातल्या प्रत्येक गल्लीत त्याची बाटली विकली गेली असती. त्यात हिंदी डॉक्टरने शोध जाहीर केला तर त्याचे नाव त्यावर राहील याची खात्री काय? फोटोग्राफीच्याच जगात दोन्ही वाटांची उदाहरणे त्यांच्यासमोर होती. दागेरची रीत फ्रेंच सरकारने विकत घेऊन १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगाला खुली केली. आमच्या प्रदर्शनाची तारीख तीच. (इंग्लंडमध्ये मात्र दागेरने आधीच पेटंट घेऊन ठेवले होते, ते सणाच्या दिवशी कोणी सांगत नाही.) टॅल्बटने आपल्या कागदी निगेटिव्हच्या रीतीवर १८४१ मध्ये पेटंट घेतले आणि ओल्या काचेवरही हक्क सांगायला गेला. त्यात १८५४ च्या डिसेंबरात, आपली मुंबईची सोसायटी निघाल्यावर दोन महिन्यांनी, तो कोर्टात हरला. आणि ज्या आर्चरने ओली काच सगळ्यांना फुकट दिली, तो १८५७ मध्ये गरिबीत मेला. मुंबईतल्या प्रत्येक हौशी माणसाच्या चित्रात त्याचा वाटा होता आणि त्याच्या बायकापोरांसाठी वर्गणी काढायची पाळी आली. उघड करणाऱ्याचे काय होते, हे भाऊंनी पाहिले असेल तर त्यांना दोष देणे सोपे नाही.

तरीही मी दोष देतो. कारण फोटोची कृती राखली तर एक चित्र कमी निघते, औषधाची कृती राखली तर माणसे मरतात. भाऊंना वेळ मिळाला असता तर त्यांनी ती सांगितली असती, असे मला मनापासून वाटते. त्यांच्या बाकीच्या आयुष्याचा कल तसाच आहे. पण वेळ मिळाला नाही. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा मुंबईची शेरीफकी त्यांनी भूषवली. अखेरच्या काळात अर्धांगवायूने त्यांना खाटेवर टाकले आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या किंचित पुढे. नॉर्वेतल्या हॅन्सेनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला तो त्याच्या आदल्याच वर्षी.

औषध होते कडूकवठाच्या बियांच्या तेलाचे, हे पुढे औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्यांनी नोंदवले. कोकणात, पश्चिम घाटात हे झाड आजही आहे. याच जातीच्या तेलांवर जगभर काम चालू राहिले. हवाईमध्ये अॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ बाईने त्याच कुळातल्या चौलमुग्ऱ्याचे तेल सुईने टोचता येईल असे केले. ती १९१६ मध्ये चोविसाव्या वर्षी वारली आणि तिची रीत काही काळ दुसऱ्याच्याच नावावर चालली. १९४० नंतर सल्फोनची औषधे आली, तोपर्यंत कुष्ठरोग्याला आधार होता तो या तेलाचाच.

फोटोग्राफिक सोसायटीचा तो पहिला बहर पुढे ओसरला. कोरड्या काचा बाजारात आल्या, मग फिल्म आली, आणि शिकायला मंडळाची गरज पूर्वीइतकी राहिली नाही. पण मंडळे राहिली. मुंबईत १९३२ मध्ये जहांगीर उनवाला आणि त्यांच्या मित्रांनी कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे काढली, १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली. सभासदांची आपसातली स्पर्धा, परीक्षकाने एकेक चित्र उचलून त्यातले गुणदोष सर्वांदेखत सांगणे, आणि वर्षातून एकदा मोठे प्रदर्शन, ही शिस्त या मंडळांनी राखली. आमच्याकडे परीक्षक म्हणून येणारे बहुतेक अशाच शिस्तीत घडलेले असतात. ते आले की प्रथम फोटोखालच्या दोन ओळी वाचतात. हल्ली मोबाइलवर काढलेले फोटोच अधिक असतात. गेल्या खेपेला एका पोराने रोहित पक्ष्यांच्या चित्राखाली भरतीची वेळ, उभे राहायची जागा आणि चिखलात किती पाय रुततो, एवढे सगळे लिहून ठेवले होते. पुढच्याच रविवारी तिथे दहा जण कॅमेरे घेऊन उभे. तो वैतागला, पण ओळी खोडल्या नाहीत.

भाऊ दाजींचे निबंध त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १८८८ मध्ये, रामचंद्र घोष यांनी एकत्र करून प्रसिद्ध केले, आणि तेही मुंबईत नव्हे, कलकत्त्यात. अ. का. प्रियोळकरांनी मराठीत त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. घोषांच्या पुस्तकात कालिदास आहे, अजिंठा आहे, जुनागढचा दगड आहे. तेलाची कृती त्यात नाही.